म्हशीशी खोटं बोलावं का?

माझ्या रोग्यांपैकी एकही जण माझ्याशी कधी खोटं बोलला नाही. मालकांबद्दल मात्र तसं म्हणता येणार नाही. "कालपर्यंत एकदम ठणठणीत होती, डॉक्टरबाई" असं जिच्याबद्दल सांगतात, ती गाय बहुतेक वेळा आठवडाभर चाऱ्याला तोंड लावत नसते, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. ढोरांच्या डॉक्टरला रोज हेच करावं लागतं. बोलणाऱ्याचं ऐकायचं, न बोलणाऱ्याकडे बघायचं आणि दोघांचं जुळलं नाही तर न बोलणाऱ्यावर विश्वास ठेवायचा.

मी मूळची धरणगावची. नोकरी चोपडा, धरणगाव आणि शेवटची बरीच वर्षं शिंदखेडा तालुक्यात झाली. आता निवृत्त होऊन धुळ्यात राहते, आणि सकाळी उठून कोणाच्याही पोटात हात घालावा लागत नाही याची अजून नीट सवय झालेली नाही. दिवाळी अंकासाठी काही लिहा म्हटल्यावर लोकांना वाटतं मी बिबट्याच्या गोष्टी सांगेन. बिबट्या मी एकदाच पाहिला, तोही पाठमोरा आणि मला पाहून पळताना. माझ्या डोक्यात राहिलेत ते वेगळेच प्रसंग. त्यांत रोग साधेच होते. रोगाचं काय करायचं ते पुस्तकात सापडतं. आपण करतोय ते बरोबर की चूक, हे शोधायला मात्र कपाटात पुस्तक नव्हतं, आणि मला ते शोधायची खोड लागली.

चोपड्याला असताना सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून एक आबा बोकड खांद्यावर टाकून आले होते. बोकडाला हगवण लागली होती. मी औषध काढता काढता सहज विचारलं, तर कळलं की बोकड नवसाचा आहे, मंगळवारी कापायचा आहे. मला हसू आलं. म्हटलं, "आबा, मंगळवारी कापायचाच आहे, तर औषधाची पायपीट कशाला केलीत?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या शिक्षणाबद्दल त्यांना शंका आली असावी. म्हणाले, "मंगळवारनं मंगळवारले दखसूत. आज तेना पोट दुखी राह्यनं ना."

औषध देऊन मी त्यांना पाठवलं आणि विचार करत बसले. या माणसाला बोकडाचा जीव घेण्यात काही गैर वाटत नाही, पण त्याच बोकडाचं पोट दुखलेलं त्याला सोसवत नाही. हे दोन्ही एका माणसात कसं राहतं? आणि मी तरी कोणती वेगळी? पुढे शिंदखेड्याच्या दवाखान्यात आमचे परिचर रघुनाथभाऊ यांना हा किस्सा सांगितला. रघुनाथभाऊ म्हणजे ढोर धरण्यात पटाईत आणि साहेबांची चेष्टा करण्यात त्याहून पटाईत. त्यांनी विचारलं, "तुम्ही मटण खाता ना, मॅडम?" म्हटलं, खाते. "मग मिटला प्रश्न." त्यांचा मिटला असेल.

दुसरे एक भाऊ धरणगावकडचे. त्यांच्या म्हाताऱ्या बैलाचं कंबरेचं हाड मोडलं होतं. बैल उठणं शक्य नव्हतं, बसल्या जागी जखमा होऊन त्यात अळ्या पडायला लागल्या होत्या. अशा वेळी कायद्यात बसवून, कागद करून आम्ही जनावराला शांतपणे जाऊ देतो. भाऊंनी होकार दिला, सही केली आणि मी सुई भरत असताना विचारलं, "सुई तुम्हनी, बैल मन्हा. मंग पाप कोनं?"

मी म्हटलं, "अर्धं अर्धं करू, भाऊ."

त्यांनी जरा विचार केला आणि मान हलवली. "नही. तुम्ही सरकारी मानूस. तुम्हनं पाप सरकारले जाई. मन्हं मालेच राहू द्या." मग बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पाप आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि तरीही तेच करायला हवं असंही मनापासून वाटत होतं. ही गाठ मला आजपर्यंत सुटलेली नाही. बैल गेला तेव्हा भाऊ रडले, मीही रडले, आणि तिथल्या माझ्या परिचराने आम्हा दोघांना पाणी दिलं.

पण ज्या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त छळलं, तो एका म्हशीने घातला. तोच सविस्तर सांगते.

त्यासाठी आधी थोडं आमच्या धंद्यातलं सांगायला हवं. म्हशीच्या कासेत दूध असलं म्हणजे ते मिळतंच असं नाही. तिने ते सोडावं लागतं. याला पान्हा सोडणं म्हणतात. पारडू येऊन ढुशा देतं, तिला त्याचा वास येतो, मग आतून काहीतरी सैल होतं आणि सडांत दूध उतरतं. पारडू मेलं तर पुष्कळ म्हशी पान्हा चोरतात. गाय त्या मानाने समजूतदार, म्हैस हट्टी. दूध कासेतच राहिलं की कास फुगते, दुखते, पुढे कडक होते. तिला आमच्याकडे दगडी म्हणतात. दगडी झालेला सड कायमचा जाऊ शकतो. म्हणजे पान्हा न सोडण्याने घराचं दूध जातं हे खरं, पण म्हशीचेही हाल होतात.

यावर लोकांनी फार जुना उपाय शोधून ठेवलाय. मेलेल्या पारडाचं कातडं काढायचं, मीठ-हळद लावून वाळवायचं, त्यात भुसा भरायचा, पायांच्या जागी चार काठ्या लावायच्या आणि धार काढताना ते म्हशीपुढे उभं करायचं. त्याला डोळे नसतात. म्हशीला ते लागतही नाहीत, ती वासावर चालते. ती त्याला चाटते आणि पान्हा सोडते. दुसरा उपाय आता निघालेला, पान्ह्याच्या इंजेक्शनचा. ते डॉक्टरने गरजेपुरतं द्यायचं असतं. रोज टोचणारे महाभाग आहेत, त्यांच्याशी माझी कायम भांडणं झाली.

आणि या सगळ्याच्या आधीची एक रीत असते. पारडू मेलेलं निघालं की म्हैस मागे वळायच्या आत त्याच्यावर पोतं टाकायचं आणि उचलून न्यायचं. तिला दिसू द्यायचं नाही. ही रीत मी इतक्या गोठ्यांत पाहिली होती की त्यात काही ठरवण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात हिंमतनाना राहत. घरी थोडी कोरडवाहू शेती आणि एक म्हैस. नानांची बायको अक्का. सगळं गाव तिला अक्काच म्हणे आणि घरातही तेच. मुलगा सुरतेला कामाला. सून सुनंदा घरी, आणि म्हशीचं सगळं तीच बघायची. चारा, पाणी, शेण, धार. म्हैस तिच्याशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नसे.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी नानांचा फोन आला. म्हैस अडली होती. मी आणि रघुनाथभाऊ पोहोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. आत हात घातल्यावर कळलं, पारडाचा पुढचा एक पाय मागे दुमडलाय. पाय सरळ करायला मला बराच वेळ लागला, माझा हात खांद्यापर्यंत बधिर झाला. मग नाना आणि रघुनाथभाऊंनी दोर लावून ओढलं. पारडू आलं. वगार होती, म्हणजे मादी, काळीभोर, पूर्ण वाढलेली. मी नाकपुड्या साफ केल्या, छाती चोळली, उलटी धरून हलवली. काही उपयोग झाला नाही.

नाना लगेच ओरडले, "पोतं टाका! वळी राह्यनी ती!"

रघुनाथभाऊंनी पोतं उचललं. तेवढ्यात दारातून सुनंदा म्हणाली, "तिले दाखाडा."

तिच्या हातात गरम पाण्याची बादली होती. सासऱ्यासमोर मोठ्याने बोलणारी ती बाई नव्हती. मी तिला तोवर दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलताना ऐकलंच नव्हतं. नानांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी म्हशीचं दावं आवळून धरलं आणि परत पोतं टाकायला सांगितलं.

"तिना पारडू शे," सुनंदा म्हणाली. "तिले दखू द्या."

"काय दखू द्या? मरेल शे ते," नाना म्हणाले.

"मरेल शे म्हनीसनच."

ओट्यावरून अक्का खाली उतरली. ती सुनेवर चिडली नाही, उलट अगदी हळू आवाजात म्हणाली, "नको वं माय. दखं नही ते बरं. दखं का मंग डोयातून जास नही ते." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "डॉक्टरबाई, तुम्हीच सांगा हिले."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कॉलेजात शिकलेलं सगळं आठवून पाहिलं. पाय दुमडलेला असेल तर काय करायचं ते होतं. व्यायल्यावर जार पडला नाही तर काय करायचं ते होतं. मेलेलं पिल्लू आईला दाखवावं की नाही, यावर कोणी एक ओळ शिकवली नव्हती. दाखवलं तर ती हंबरत बसेल का? नाही दाखवलं तर शोधत राहील का? शोधत राहणाऱ्या म्हशी मी पाहिल्या होत्या. दारात कुत्रं हललं तरी वळून बघणाऱ्या. पण ज्यांना दाखवलंय अशा मी पाहिल्याच नव्हत्या, कारण कोणी दाखवतच नव्हतं. म्हणजे ही रीत बरी की वाईट हे कोणालाच माहीत असायचं कारण नव्हतं. हे तिथे, हाताला रक्त लागलेलं असताना माझ्या लक्षात आलं आणि मला त्या परिस्थितीतही त्याचं फार नवल वाटलं.

मी म्हटलं, "अक्का, मला खरंच माहीत नाही."

कोंडी फोडली रघुनाथभाऊंनी, आणि तीही भलत्याच कारणाने. ते म्हणाले, "नाना, मी म्हनस चाटू द्या. एकदा चाटं का वास बसस. मंग भुसानं पारडू बरोबर वयखी ती."

वास ओळखीचा झाला की फसवणं सोपं, हे नानांना एकदम पटलं. त्यांनी दावं सैल सोडलं आणि पोतं बाजूला ठेवायला लावलं. सुनंदाला म्हशीला खरं कळायला हवं होतं, नानांना पुढचं खोटं पक्कं व्हायला हवं होतं, आणि दोघांनी मिळून एकच गोष्ट केली. बरोबर वागणं म्हणजे काय, हेतू बघायचा की कृती, असले प्रश्न लोक मोठमोठ्या ग्रंथांत सोडवतात म्हणे. इथे ते शेणात उभं राहून दोन मिनिटांत बाजूला पडले.

म्हैस वळली. तिने वगारीला हुंगलं, चाटायला लागली. डोकं, पाठ, पोट. नाकाने ढकलून तिला उठवायचा प्रयत्न केला. घशातून एक बारीक आवाज काढत होती, तो म्हशी फक्त नव्या पिल्लासाठी काढतात. हे बराच वेळ चाललं. अक्का आत निघून गेली. सुनंदा भिंतीला टेकून बघत राहिली. मग हळूहळू चाटणं कमी झालं, आवाज थांबला, म्हैस नुसती उभी राहिली. शेवटी तिने मान वर केली आणि दावणीतल्या कडब्याकडे वळली. तेव्हा सुनंदाने स्वतःच पोतं टाकलं.

परत येताना जीपमध्ये रघुनाथभाऊंनी मला जे सांगितलं, ते आधी माहीत असतं तर मी तिथे इतक्या शास्त्रीय कुतूहलाने उभी राहू शकले नसते. मागच्या पावसाळ्यात सुनंदा बाळंत झाली होती. मुलगी, पूर्ण दिवसांची, मृत. ऑपरेशन करावं लागलं होतं. ती शुद्धीवर यायच्या आत मंडळींनी बाळ पुरून टाकलं. तिला दाखवलं नाही. त्या घरात त्यावर पुन्हा कोणी शब्द काढला नाही. काढायचा नाही असं अक्काने सगळ्यांना बजावलं होतं.

पुढचे काही दिवस मी दवाखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रश्न विचारत सुटले. म्हशीपुढे भुशाचं पारडू ठेवणं हे खोटं बोलणं आहे का? एका दूधवाल्याने सांगितलं, म्हशीचा फायदाच होतो, कास मोकळी होते, मग खोटं कसलं? एक मास्तर लस टोचायला कुत्रा घेऊन आले होते, ते म्हणाले, जिला आपण फसलो हे कधीच कळणार नाही, तिचं नुकसान काय झालं? मी म्हटलं, मास्तर, हा नियम माणसांना लावून बघा, किती सोय होईल. ते जरा ओशाळले. रघुनाथभाऊंचं म्हणणं, म्हशीला सगळं कळतं, ती आपली लाज राखते. मी रोज वेगळ्या माणसाशी सहमत होत होते.

चार-पाच दिवसांनी नानांचा फोन आला, आणि ते तापलेले होते. भुशाचं पारडू तयार झालं होतं. म्हशीने ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा ठेवलं तर शिंगाने उडवलं. मधल्या दिवसांत सुनंदाच्या हाताने थोडीफार धार निघत होती, पण पारडू आल्यापासून सुनंदा गोठ्यात पाऊल टाकेना. ते समोर असेल तर मी धार काढणार नाही, एवढंच ती म्हणाली होती. नाना बसले तर म्हशीने लाथ मारली. "तुम्ही दाखाडू दिधं म्हनीसन हाई व्हयनं," नाना मला फोनवर म्हणाले. तसं असूही शकत होतं. माझ्याकडे नाही म्हणायला काही आधार नव्हता.

मी गेले. कास ताठ झाली होती, एक सड गरम लागत होता. आणखी एक-दोन दिवस असेच गेले असते तर दगडी नक्की होती. मी वेळ न घालवता पान्ह्याचं इंजेक्शन दिलं. हा गरजेचाच प्रसंग होता, पण सिरिंज ओढताना मनात आलंच की हेही भुशाचं पारडूच आहे, फक्त बाटलीतलं. म्हशीला न विचारता तिच्या कासेला परस्पर सांगायचं की तुझं पिल्लू आलंय.

"हे आजच्यापुरतं," मी नानांना म्हटलं. "रोज देणार नाही आणि तुम्हीही आणून टोचायचं नाही. आता धार कोण काढणार?"

सुनंदा घराच्या दारात उभी होती. मी तिला म्हटलं, "सुनंदा, कास दुखतेय तिची."

"माहीत शे," ती म्हणाली. मग बाकीच्यांकडे न बघता, फक्त माझ्याशी बोलावं तसं म्हणाली, "मन्हं बी दूध उतरनं व्हतं. अक्कानी छाती बांधी ठेयेल व्हती. पेवाले कोनी नही हाई दूधले कोन सांगी?"

एवढी वर्षं मी पान्हा, कास, सड हे शब्द दिवसातून शंभरदा वापरत होते.

सुनंदा पुढे आली. तिने भिंतीशी ठेवलेलं भुशाचं पारडू उचललं आणि बाहेर नेऊन ओट्याखाली ठेवलं. नानांनी तोंड उघडलं, पण अक्काने हात वर केला. सुनंदाने सरकीची ढेप कालवून म्हशीपुढे ठेवली, कास गरम पाण्याने शेकली, आणि उकिडवी बसली. इंजेक्शनचं दूध झरझर निघालं, ते काढून झालं तरी ती उठली नाही. कास चोळत राहिली. म्हशीशी काही बोलत होती, ते मला ऐकू आलं नाही.

मी रोज फोन करून विचारत होते. दुसऱ्या दिवशी थोडंच दूध निघालं. तिसऱ्या दिवशीही थोडंच. दूध पहिल्यासारखं झालं नाही, हे मी स्पष्ट लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की खरेपणाचं बक्षीस मिळालं. पण कास मऊ राहिली, सड वाचला. पुढच्या आठवड्यात मी तपासायला गेले तेव्हा म्हैस सुनंदाच्या पावलांचा आवाज आला की मान वळवायची आणि सुनंदा बसली की थोड्या वेळाने पान्हा सोडायची. सुनंदाला ती आपलं पिल्लू समजत होती, की हे दूध आता हिला द्यायचं असं तिने ठरवलं होतं, ते सांगायला ती काही बोलत नाही.

नानांनी मला स्वच्छ विचारलं, "मंग डॉक्टरबाई, खरं काय? दाखाडाले पाह्यजे का नही?" मी म्हटलं, कळलं की सांगेन. निवृत्तीनंतरही त्यांचा फोन येतो, आणि प्रत्येक वेळी ते विचारतात, कळलं का. पुढच्या वर्षांत मी काही म्हशींना दाखवलं, काहींना नाही. दाखवलेल्यांतल्या काही लवकर शांत झाल्या, एक तर दोन दिवस ओरडत होती. मी याचं टाचण ठेवायला हवं होतं, म्हणजे माझ्यानंतरच्या कोणाला उपयोग झाला असता. ते राहिलं, याची मात्र चुटपूट आहे. एक बदल मी केला. पारडू मेलेलं निघालं आणि कोणी पोतं उचललं की मी म्हणायचे, थांबा, हिची धार कोण काढतं? तिला बोलवा. मग ती जे म्हणेल ते. बहुतेक वेळा ती घरातली बाईच असायची, आणि बहुतेक वेळा तिला असं काही विचारलं जाण्याची ती पहिलीच खेप असायची.

पण त्या तपासणीच्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. सुनंदा धार काढत होती. मी आणि अक्का जवळच खाटेवर बसलो होतो. माझी खोड मला गप्प बसू देईना. मी विचारलं, "अक्का, त्या दिवशी तुम्ही दाखवू नका का म्हणालात?"

अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. मग म्हणाली, "मी दखेल शे, डॉक्टरबाई. मन्हा पहिला पोऱ्या असाच गया. सासूनी मांडीवर आनी दिधा, म्हने दखी ले. आजूनबी डोया मिटा का तोच दिखस. मन्हा नवराबी दिखत नही इतला." ती जराशी हसली. "म्हनीसन मी ठरायेल व्हतं, मन्ही सूनले हाई दुख देवाव नही."

एकीला दाखवलं म्हणून तिचं आयुष्य जखमी झालं. तिने दुसरीला वाचवायला दाखवलं नाही, म्हणून दुसरीचं झालं. दोघींवर अन्याय करणाऱ्या बायांचं मन साफ होतं. मला अक्काचा राग आला होता, तो कुठे ठेवावा ते कळेना.

बादलीतला धारेचा आवाज थांबला होता. सुनंदाने सगळं ऐकलं होतं. ती वळली नाही. म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून तिने विचारलं, "अक्का, मन्ही पोर कशी व्हती?"

मला वाटलं अक्का उठून जाईल. बाळंतपणाच्या दवाखान्यातली एक नर्स आणि अक्का, दोघींनीच काय ते बाळाचं तोंड पाहिलं होतं. म्हणजे एवढे महिने ते तोंड ही म्हातारी एकटी सांभाळून होती, आधीच्या एका तोंडाबरोबर.

"डोकावर काया केस व्हतात," अक्का म्हणाली. "भलता. आनि एक मूठ आवयेल व्हती. मी उघडी दखी, पन उघडनीच नही."

"कोना मायक व्हती?" कोणासारखी होती, तेही सुनंदाला हवं होतं.

"तुन्हा मायक." अक्का थांबली नाही. "नाक तेवढं या नानानं. तेवढंच जरा चुकनं."

सुनंदाच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की रडू, ते मला आजही सांगता येणार नाही. मग बादलीत पुन्हा धार पडायला लागली. मी पिशवी उचलली आणि हात धुवायच्या निमित्ताने हौदाकडे निघाले, कारण यापुढचं माझ्या ऐकण्याचं नव्हतं. तरी पाठीमागून अक्काचं बोलणं कानावर आलंच.

"आखो इचार," आणखी विचार म्हणून ती सुनेला सांगत होती. "मी समदं दखेल शे. इचार."